सरांनी परत ठेवलेली शाल

आदरणीय प्रल्हादराव काळबांडे सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आहे तेव्हाही मी रागातच आहे. फरक इतकाच की आजचा राग त्यांच्यावर नाही. समितीने पत्रात सरांविषयीच्या गोड आठवणी मागितल्या आहेत. गोड आठवणी पुष्कळ आहेत. पण त्यांच्या मधोमध एक कडू आठवण आहे, आणि ती गाळून सरांचा गौरव करायचा म्हणजे त्यांच्या तोंडावर खोटे बोलण्यासारखे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या नणंदेचे लग्न ठरले. आम्ही इंझोरीचे, घरची शेती. रुखवतात मांडायला कागदाचे तोरण हवे होते आणि त्यावर 'शुभविवाह' अशी ठसठशीत अक्षरे. कारंजाच्या एका वाचनालयात दर रविवारी एक निवृत्त चित्रकला शिक्षक हौशी लोकांना कागदकाम आणि अक्षरलेखन शिकवतात, असे कळले. मी एसटीने गेले. वर्गात आठ-दहा जण होते : एक शिंपी, दवाखान्यातले एक कंपाउंडर आणि बाकी घर-शेत सांभाळणाऱ्या बाया. सरांनी माझे काम ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "मी लिहून देनार नाही. तुमी लिहा. बसा."

मी सांगितले की माझी परतीची गाडी दोनची आहे आणि माझे अक्षर कोंबडीच्या पायासारखे आहे. त्यावर त्यांनी माझ्या हाती बोरूसाठी बांबूची एक काडी आणि पाते दिले, टोक तिरके कसे कापायचे ते एकदा दाखवले आणि दुसऱ्या बाकाकडे निघून गेले. राग काडीवर निघाला. एका झटक्यात टोक उतरले. सर वळले, काडी बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाले, "शेतातला हात आहे. पात्याले भीत नाही." माझी दोनची गाडी गेली. चारचीही गेली.

पुढचे रविवार मी चुकवले नाहीत. सरांची शिकवण अगदी साधी होती. कागदाला कापडासारखा उभा-आडवा धागा असतो. कागदाची एक पट्टी ओली करून पाहावी, ती ज्या बाजूने वळते ती घडी कागदाला मानवते. घडी घालण्याआधी संपलेल्या रिफिलने फूटपट्टीच्या आधाराने ओळ दाबून घ्यावी, म्हणजे कड फाटत नाही. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकावे, म्हणजे किडे लागत नाहीत. अक्षर काढताना शाईकडे पाहू नये, अक्षराच्या पोटात उरलेल्या कोऱ्या जागेकडे पाहावे. सरावासाठी कोरा कागद त्यांनी कधी वापरू दिला नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठी आणि कॅलेंडरची मागची पाने हीच आमची वही.

वर्गातल्या शिंपीकाकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि हात थरथरत असे. कात्री धरली की अक्षराची कड वाकडी जाई, आणि एकदा त्यांनी चिडून कात्री बाकावर आपटली. सरांनी ती उचलून कपाटात ठेवली. मग कुंचला पाण्यात बुडवून कागदावर एक ओली रेघ ओढली आणि त्या रेघेवरून कागद हळूच फाडला. कड मऊ, केसाळ निघाली, कात्रीने कधी येणार नाही अशी. "आजपासून तुमी कापू नका, फाडा," एवढेच ते म्हणाले. शिंपीकाकांनी पुढे सगळी बाराखडी फाडून केली. ती वाचनालयाच्या भिंतीवर आहे; ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जाऊन पाहावी.

आता ती कडू आठवण.

तीन वर्षांपूर्वी वाशीमला हौशी कलाकारांचे एक जिल्हास्तरीय प्रदर्शन झाले. सरांनी मला एक घडीचे पुस्तक करायला सांगितले होते. विषय मीच निवडला : निंदणात आम्ही बाया जे तण उपटतो, ते. तरोटा, केना, कुंजर, घोळ, चिवळ, हरळी, अशी बारा. प्रत्येक पानावर त्या तणाचा आकार कागदातून कोरलेला आणि खाली बोरूने लिहिलेले नाव. नावे माझ्या सासूबाईंनी सांगितली, जशी त्या उच्चारतात तशीच मी लिहिली. सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर दीड महिना रोज दुपारी मी तेच करत होते.

सासूबाईंना आणि शेजारच्या दोघींना घेऊन मी वाशीमला गेले. माझ्या पुस्तकाशेजारी एक चिठ्ठी लावलेली होती : 'संगणकीय छपाई. स्पर्धेबाहेर.'

मी ती दोनदा वाचली. सासूबाईंना वाचता येत नाही, त्या मला विचारत होत्या की काय बक्षीस लागले. मी परीक्षकांपैकी जे प्रमुख होते त्यांच्याकडे गेले. त्यांनी चढा आवाज केला नाही, उलट मला समजावल्यासारखे ते बोलले. म्हणाले, "बाई, इतकी एकसारखी अक्षरं हातानं येत नाहीत. शेतात राबणाऱ्या हातानं तर नाहीच नाही." आणि जाता जाता हेही सांगितले की शुद्ध शब्द टाकळा आहे, तरोटा नव्हे.

त्या वेळी सर मंचावर होते. ज्येष्ठ कलाशिक्षक म्हणून त्यांचा सत्कार चालला होता. खांद्यावर शाल, हातात श्रीफळ. काय झाले हे त्यांना कुणी सांगितले ते मला ठाऊक नाही. ते पायऱ्या उतरून आले, पुस्तक उचलले आणि खिडकीपाशी नेले. परीक्षकांना जवळ बोलावून त्यांनी एकेक गोष्ट दाखवली : शिरोरेषेखाली न पुसली गेलेली पेन्सिलीची रेघ, बोरू उचलला तिथे साचलेला शाईचा थेंब, कोपऱ्यांत पाते केसभर पुढे गेल्याच्या खुणा. पुस्तकातले सगळे 'त' एकमेकांपासून किती वेगळे आहेत, हेही. छापील अक्षर असे कधी नसते, हे पहिल्या रविवारी आलेल्या माणसालाही कळते.

प्रमुखांचा चेहरा उतरला, पण माघार घेणे त्यांना जमले नाही. ते म्हणाले की असे असेल तर बाईंनी इथेच सगळ्यांसमोर लिहून दाखवावे. टेबलावर कुणीतरी कागद आणला. माझा हात पिशवीत बोरू शोधायला गेलाही होता. सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बाई परीक्षा देनार नाही," ते म्हणाले. "चोरी तुमी म्हटली. शाबीत तुमी करा."

सरांनी खांद्यावरची शाल काढली, तिची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला, आणि आम्हा चौघींना घेऊन बाहेर पडले. स्टँडवर बसून आम्ही घरून आणलेली भाकरी खाल्ली. मी रडत नव्हते. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. सासूबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या की चिठ्ठीवर लिहिले काय होते. शेवटी सरांनीच त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "मी रोज समोर बसून पाहात होती. मले काहून नाही इचारलं?"

दोन दिवसांनी आयोजकांचा फोन आला. चिठ्ठी काढली आहे, उत्तेजनार्थ बक्षीस देत आहोत, विषय संपवावा. मी नाही म्हटले. मला बक्षीस नको होते, चूक झाल्याच्या दोन ओळी हव्या होत्या. सरांनी तसे पत्र स्वतःच्या हाताने लिहून पाठवले. उत्तर आले नाही. आजपर्यंत आलेले नाही.

गावात मात्र बातमी लगेच पोचली, आणि ती अशी की अमक्याच्या सुनेने वाशीमला छापील वस्तू स्वतःची म्हणून ठेवली व पकडली गेली. पाणी भरायला मी गेले की बाया बोलायच्या थांबू लागल्या. माझ्या दिरांनी रविवारचे जाणे बंद करायला सांगितले. मी वाद घातला नाही. बोरू, पाते, पट्टी सगळे एका डब्यात भरून माळ्यावर टाकले.

तीन रविवार मी गेले नाही. चौथ्या रविवारी सर इंझोरीच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि उन्हात चालत आमच्या घरी आले. वय बहात्तर. त्यांनी मला शब्दाने विचारले नाही की का आला नाहीत. ते ओसरीवर सासूबाईंसमोर बसले आणि तणांची आणखी नावे विचारू लागले. सासूबाई सांगत गेल्या, सर लग्नपत्रिकांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहीत गेले. शेजारच्या बाया आधी दारातून पाहात होत्या, मग आत आल्या, मग एकमेकींची नावे दुरुस्त करू लागल्या. एकीने विचारले की असे अक्षर हाताने येते तरी कसे. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या सांगतील. यायलेच विचारा."

मी माळ्यावरून डबा काढला. त्या दुपारी सगळ्यांच्या देखत मी तरोटा कोरला. ही परीक्षा नव्हती, तो वर्ग होता. दोन्हींतला फरक मला सरांनी असा समजावला. माझे दीरही उभे राहून पाहात होते. त्यांनी नंतर काही कबूल केले नाही, पण पुढच्या रविवारी गाडीच्या वेळेला मला फाट्यापर्यंत मोटारसायकलवर त्यांनीच सोडले. आता महिन्यातून एकदा आमच्या शाळेच्या खोलीत वर्ग भरतो आणि मी शिकवते. गेल्या वर्षी गावातल्या दोन लग्नांचे रुखवत आमच्याच बायांनी केले.

गोष्ट अशी निभावली, म्हणून माझा राग गेला असे कुणी समजू नये. त्या दिवशीचे प्रमुख परीक्षक आज या गौरव समितीवर आहेत. सोहळ्याच्या छापील निमंत्रणपत्रिकेत सरांच्या नावातला 'ल्ह' फुटला आहे. 'ल' लंगडा एकीकडे, 'ह' दुसरीकडे. ज्या माणसाने आयुष्यभर जोडाक्षर कसे जोडायचे ते शिकवले, त्याचे नाव समितीतल्या एकाच्याही डोळ्यांना खुपले नाही. एकसारख्या अक्षरांवर संशय घेणाऱ्या डोळ्यांना तुटलेले अक्षर दिसू नये, याला काय म्हणावे? सर पत्रिका पाहून हसले आणि मशीनची चूक आहे म्हणाले. सरांचे हे मला पटत नाही. ते सगळ्यांना माफ करतात आणि माफ झालेली माणसे पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षक होतात. माझ्या गुरूंशी माझा एवढा एकच वाद आहे आणि तो मी त्यांच्याच ग्रंथात नोंदवून ठेवते.

हा लेख मी छपाईला देण्याआधी सरांना वाचून दाखवला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांना वाचायला मनाई केली आहे. मूळ लेखात त्या प्रमुखांचे नाव होते. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि माणसाला नातवंडे असतात, नाव तेवढे काढा, असे सांगितले. मी नाव काढले. राग ठेवला; तो काढा, असे सर म्हणाले नाहीत.

सर, डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. उन्हात हिंडू नका, आम्हीच तुमच्याकडे येऊ. तुमची पाठ ताठ राहो, उजवा हात स्थिर राहो, आणि शंभरीपर्यंत आमच्या वाकड्या शिरोरेषा पाहून तुमच्या कपाळाला आठी पडत राहो. इंझोरीच्या बायांनी तुमच्यासाठी शाल आणलेली नाही. तुमचे नाव त्यांनी हाताने कोरले आहे, आणि त्यातला 'ल्ह' कुठेही तुटलेला नाही.