लंडनसाठी कोरडी विहीर

गळ्यात हार पडला आणि मागून हलगी वाजायला लागली. मी दोन्ही हातांनी टेप-रेकॉर्डर सांभाळत होतो. ते मशीन खांद्याला अडकवून चालणं म्हणजे धोंडा घेऊन चालणं. त्यावर झेंडूच्या पाकळ्या पडत होत्या. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. प्यायला पाणी नाही, आणि यांनी झेंडू कुठून पैदा केला, कुणास ठाऊक.

“या किसनराव, या! गावाचं नाव काढलंत!” अप्पासाहेब म्हणाले. अप्पासाहेब म्हणजे आमचे सरपंच आणि दूध संस्थेचे चेअरमन. सगळे त्यांना चेअरमनच म्हणायचे. लहानपणापासून या माणसानं मला ‘ए किसन्या’शिवाय हाक मारली नव्हती. लंडनला गेलो आणि किसनराव झालो.

मी लंडनला लेखक होतो. लेखक म्हटलं की लोकांना कादंबऱ्या वाटतात. मी रेडिओसाठी फीचर लिहायचो. फीचर म्हणजे नुसती बातमी नाही. त्यात माणसांचे खरे आवाज असतात, भोवतालचे आवाज असतात, आणि मधे लेखकाचं निवेदन. जागेवर जाऊन टिपलेल्या खऱ्या आवाजाला आमच्यात ‘ॲक्चुॲलिटी’ म्हणतात. ती नसेल तर फीचर म्हणजे मीठ नसलेलं पिठलं.

तिकडं बसून मी दुष्काळावर एक स्क्रिप्ट लिहिलं होतं. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. माझा प्रोड्यूसर पीटर, म्हणजे कार्यक्रमाचा मालकच म्हणा, त्यानं ते वाचून बाजूला ठेवलं. “तुझं गाव तिथंच आहे ना? मग जा. मला कोरड्या विहिरीचा आवाज आण. बादली खडकावर आपटते तो.” येडशी स्टेशनवर उतरायच्या आधीच मी येणार ही बातमी गावात पोचली होती. चेअरमननी जीप पाठवली आणि ती मला घरी न नेता थेट गावच्या विहिरीवर घेऊन आली.

विहिरीजवळ टँकर उभा. त्याचा पाइप विहिरीत सोडलेला. त्या वेळी टँकरचं पाणी विहिरीत ओतायचे आणि मग लोक शेंदून घ्यायचे. ड्रायव्हर कॉकवर हात ठेवून माझ्याकडं बघत होता.

“तुम्ही ‘सुरू’ म्हणा, की पाणी सोडतो,” चेअरमन म्हणाले. “धो धो आवाज घ्या. मग माझं दूध संस्थेवर भाषण.”

“पण मला कोरड्या विहिरीचा आवाज पाहिजे होता.”

“कोरडी विहीर लंडनला ऐकवता? अहो, पाहुणा आला की आपण रिकामा तांब्या पुढं करतो का? गावाची काही इज्जत आहे का नाही?”

त्यांचं त्यांच्या बाजूनं खरंच होतं. मी म्हटलं, आधी हे उरकून टाकू. मशीन चालू केलं, माइक कठड्यावर धरला. त्या कठड्याला माझा हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला. आमचं घर बौद्धवाड्यात. आमच्या लोकांनी या विहिरीवर यायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना तोंडपाठ होतं. आमची विहीर वेगळी, ओढ्यापलीकडं.

पाणी सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात रस्त्याकडून हाक आली.

“किसन्या!”

माझी माय. डोक्यावर रिकामी घागर, मागं वाड्यातल्या सात-आठ बाया. त्या विहिरीजवळ आल्या नाहीत, रस्त्यावरच उभ्या राहिल्या. मी मशीन तसंच चालू ठेवून तिच्याकडं गेलो. तीन वर्षांनी भेटत होतो. वाटलं, तोंडावरून हात फिरवील.

“लेकरा, आज आमची पाळी हाय,” ती म्हणाली. “परवा गावाची झाली. आज टँकर आमच्या हिरीवर यायचा व्हता. सकाळधरनं बसलोय वाट बघत. हिकडं कशापायी आनला?”

“माझ्या सत्कारासाठी, माय.”

“तुझ्या?” तिनं हाराकडं बघितलं. “आमचं पानी घालून तुझा सत्कार व्हय रं?”

माझं डोकं सणकलं. या गावानं मला आयुष्यात पहिल्यांदा मान दिला, तोही माझ्याच आईच्या वाट्याच्या पाण्यानं! आणि यात कुणाला काही चुकतंय असंही वाटलं नव्हतं. पाहुणा मोठा, म्हणून पाणी मोठ्या विहिरीत. इतका सरळ हिशेब.

भांडावं असं फार वाटलं. पण भांडून मी लंडनला गेलो असतो आणि माय तिथंच राहिली असती. मी परत कठड्याजवळ आलो आणि ओरडलो, “कट!” ड्रायव्हर दचकला. त्यानं कॉक बंद केला.

“काय झालं?” चेअरमन म्हणाले.

“टेक वाया गेला.” टेक म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग. “चेअरमन, तुमचं भाषण वापरायचं तर आधी कोरड्या विहिरीचा आवाज लागतो. मग पाणी, मग भाषण. आणि सगळं एकाच विहिरीवर. नाहीतर लंडनचे लोक म्हणतात, हे खोटं आहे.”

“मग घ्या की इथंच.”

“ही आता ओली झाली. गावात कोरडी विहीर कुठली राहिली?”

  कुठली राहिली ते प्रत्येकाला माहीत होतं. शेवटी चेअरमन ड्रायव्हरकडं वळले. “चल रे. ओढ्यापलीकडं.”

अर्ध्याच्या वर टँकर शिल्लक होता. पुढं टँकर, मागं जीप, त्यामागं अख्खं गाव अशी वरात बौद्धवाड्यात पोचली. मायनं दोराला बादली बांधली आणि विहिरीत सोडली. खडकावर ती अशी आपटली, की माझ्या कानावरच्या हेडफोननं कान बधिर झाला. पीटरला हवा होता तोच आवाज. मग पाणी सोडलं. मग चेअरमन आमच्या कठड्यावर चढले. याआधी ते इथं कधी चढले नव्हते.

दूध संस्थेवर ते झकास बोलले. मी मशीन बंद करणार, तेवढ्यात माय पुढं आली.

“अप्पा, परवाच्याला टँकर कुनाचा?”

“परवा गावाची पाळी.”

“आन् आज गावात वतलं ते?”

चेअरमनची नजर माझ्या मशीनवर गेली. काटा हलत होता. काटा हलतोय म्हणजे आवाज टेपवर जातोय, एवढं त्यांना एव्हाना कळलं होतं.

“परवा टँकर पहिला इथं येईल,” ते म्हणाले.

“आन् त्येच्या म्होरं?”

“पुढंही. पाऊस पडेपर्यंत बौद्धवाड्याची पाळी मोडणार नाही.”

“नाव सांगून म्हना. लंडनवाल्यांला कसं कळंल कोन बोलतंय?”

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. चेअरमननी घसा खाकरला, टोपी नीट केली आणि नाव, हुद्दा, सगळं सांगून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मला मायचा फार अभिमान वाटला. 

लंडनला पीटरनं टेप ऐकली. बादलीचा आवाज ऐकून खूश झाला. मग ब्लेड घेतलं. तेव्हा टेप खरोखर ब्लेडनं कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची.

“पाणी काढू या,” तो म्हणाला. “पाणी आलं की ऐकणाऱ्याला वाटतं, प्रश्न सुटला.”

“आणि चेअरमन?”

“पुढारी सगळीकडं असंच बोलतात.”

मी वाद घातला, हरलो. धो धो पाणी, दूध संस्था आणि नाव-हुद्द्यासकट दिलेलं वचन, सगळं कचऱ्याच्या टोपलीत गेलं. इंग्लंडनं फक्त कोरडी विहीर ऐकली. मला रात्रभर एकच घोर, आता वाड्याचं काय होणार?

पुढच्या वर्षी गावी गेलो तेव्हा आधी तेच विचारलं. माय भाकरी थापत होती.

“टँकर? पाऊस लागस्तोवर आला की. एकबी पाळी चुकली न्हाय.”

“चेअरमननी शब्द पाळला म्हणायचा.”

“पाळतोय कशाला. भेटला की इचारायचा, लंडनात माझं भाषन लागलं का?”

“मग? तू काय सांगितलंस?”

“म्हनलं, लागतंय की. अधनंमधनं लावत्यात.”

मी इतकी वर्षं रेडिओत काढली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, की कार्यक्रमाचा परिणाम मोजायचा तर श्रोते मोजू नयेत. आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय असं ज्याला वाटतं, तो एकच माणूस बघावा.