बाबांच्या सिनेमाची परीक्षणं

बाबांच्या सिनेमाची परीक्षणं फोनमध्ये साठवून मी एका रविवारी चंद्रपूरहून पोंभुर्ण्याला गेले, ती त्यांना वाचून दाखवायला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक चालतं. बाबा त्या झाडीपट्टीच्या नाटकांतले जुने नट. यंदा मात्र कंपनीच्या मालकाला त्यांनी हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं, आणि मालक माझ्या मागे लागला होता. चार बऱ्या ओळी ऐकल्या तर बाबा खाटेवरून उठतील, असं मला वाटलं. त्यांनी उठावं, एवढीच तेव्हा माझी इच्छा होती. बाकी मला कशाचं काही वाटत नव्हतं.

सिनेमा छोटासा, स्वतंत्र म्हणतात तसला. पुण्याची दिग्दर्शिका, मोजकी माणसं आणि अर्थातच वाघ, कारण आमच्याकडे येऊन वाघ वगळणं बाहेरच्यांना जमत नाही. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईला वाघ नेतो आणि मागे तिचा नवरा उरतो, एवढीच गोष्ट. तो नवरा म्हणजे बाबा.

शूटिंगच्या पहिल्या दिवसांत बाबांनी सगळ्यांना घाम फोडला. झाडीपट्टीत स्टेजवर माइक टांगलेले असतात, तरी बाबांचा आवाज पार मागे घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जाई. बायको गेल्याची बातमी कळताच त्यांनी कॅमेऱ्यासमोर छाती बडवली, गुडघ्यावर कोसळले आणि वर एक तान घेतली. दिग्दर्शिका हात जोडून म्हणाली, "काका, काहीच करू नका."

"काहीच नाई करू तं मले बलावलं काऊन?"

आई पारावर बसून बघत होती. ती इतकी हसली, की आवाजवाल्याने तिला लांब जाऊन बसायला सांगितलं.

शूटिंगचा दुसरा टप्पा सुरू व्हायच्या आधी आई गेली. अंगणात मिरच्या वाळत घालताना खाली बसली, ती उठलीच नाही. दिग्दर्शिकेने निरोप पाठवला, की सावकाश या, आम्ही थांबतो. पण झाडीपट्टीत एकदा प्रयोगाची सुपारी घेतली, की घरात काहीही होवो, नट तोंडाला रंग लावतो. बाबा तेच शिकलेले. तेरवीच्या आधीच ते जाऊन उभे राहिले.

तोच प्रसंग पुन्हा घेतला. बातमी आली. बाबांनी ऐकली, आणि काहीच केलं नाही. कुठंतरी कुंपणाकडे बघत राहिले. दिग्दर्शिकेने डोळे पुसले, म्हणाली, हेच हवं होतं. मी बाजूलाच होते. मला रडू आलं नाही. ऊन फार आहे, असं काहीसं मनात आलं.

आता वर्ष उलटून गेलं होतं आणि सिनेमा फोनवर आला होता. बाबा खाटेवर बसले होते. मी वाचायला लागले. एकाने लिहिलं होतं, की इतका संयत अभिनय आपल्या सिनेमात फार दिवसांनी पाहिला. दुसरीला त्यांच्या मौनात सगळ्या जंगलाचं दुःख दिसलं. तिसऱ्याने तर तो कुंपणाकडे बघण्याचा प्रसंग परिच्छेदभर उलगडला होता. नजरेत काय, खांद्यात काय. मी जरा आवाज चढवूनच वाचलं.

बाबा प्रत्येकाला "हं" म्हणाले. विजेचं बिल वाचलं असतं, तरी एवढंच म्हणाले असते.

"अजून हाय का?"

"एक आहे. पण वाईट आहे, बाबा."

"वाच."

त्या समीक्षकाला सिनेमातलं जंगल आवडलं होतं, आवाज आवडले होते, पण मुख्य नट नाही. चेहरा कोरा आहे, आत काही हलतच नाही, असं त्याचं म्हणणं. या माणसाची बायको वारली आहे, हे काही केल्या पटत नाही, असं लिहून त्याने सिनेमा निकालात काढला होता.

बाबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग अंगणाकडे बघत म्हणाले, "कंपनीवाल्याले नाई म्हणून सांग. यंदा नाई होत माह्यानं."

माझं टाळकंच सरकलं. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं, ते हे. म्हटलं, "एवढ्या लोकांनी डोक्यावर घेतलं आणि तुम्ही या एका शहाण्याचं ऐकता? त्याला काय माहीत आपल्या घरचं?"

"त्याच्यावर काऊन चिडते?" बाबा म्हणाले. "त्यालेच तं बराबर दिसलं. याची बायको गेली हे पटत नाई म्हणते तो. मलेबी नाई पटून राह्यलं."