दोन गोठे आणि निम्मी वडी

"दोन्ही गोठे सारखेच? मग तुमच्या औषधानं केलं काय?"

मालकांनी माझा तक्ता टेबलावर ठेवला. कुपवाडच्या आमच्या छोट्या कारखान्याचे हे मालक, जयंतराव. चिडले की ते ओरडत नसत, आवाज खाली आणत. त्या दिवशी आवाज फारच खाली होता.

"सर, लॅबमध्ये काम करतंय ते," मी म्हटलं.

"लॅबमध्ये म्हशी नाहीत."



ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कारखाना डासांच्या कॉइल बनवायचा आणि मी तिथे एंटमॉलॉजिस्ट होते, म्हणजे कीटकांचा अभ्यास केलेली बाई. प्रत्यक्षात काम क्यूसीचं, म्हणजे माल तपासण्याचं. कॉइल मध्येच विझते का, दमट राहिली का, हे बघायचं. एम.एस्सी. होऊन विझलेल्या कॉइल बाजूला काढण्याचा मला मनापासून कंटाळा आला होता. म्हणून मालकांच्या मागे लागून मी गोठ्यासाठी एक वडी तयार केली होती. शेण आणि लाकडाच्या भुशाची, तळहाताएवढी, आत औषध. संध्याकाळी खापरात ठेवायची आणि पेटवायची. जाळ होत नाही, नुसती धुमसते.

याला एरिया रिपेलंट म्हणतात. रिपेलंट डास-माश्यांना मारत नाही, लांब ठेवतं. अंगाला चोळायचं मलम त्या एका अंगापुरतं असतं, आणि म्हशीला रोज मलम कोण चोळणार? एरिया रिपेलंट सगळी जागाच राखतं. डास आणि गुरांच्या पायांना डसणाऱ्या माश्या आत यायचं टाळतात. मग म्हैस लाथा झाडत नाही आणि धार नीट काढू देते. शिरवळच्या एका डेअरीला अशी वडी हवी होती. त्यांची माणसं पुढच्या महिन्यात यायची होती.

"त्यांना नाही म्हणून कळवतो," मालक म्हणाले. "तुम्ही परत क्यूसीला या."

"पण सर, ट्रायलच्या आधीपेक्षा दोन्हीकडे माश्या कमी झाल्यात."

"थंडी पडायला लागलीय. दोन्हीकडे सारख्याच कमी झाल्या ना? मग ते थंडीचं काम."

त्यांचं बोलणं मुद्द्याला धरून होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. मी म्हटलं, "उद्या एकदा गावात जाऊन येते. मग करा बंद."

आता ट्रायल कशी असते ते सांगते. दोन सारखे गोठे घ्यायचे. एकात औषधाची वडी, दुसऱ्यात तशीच दिसणारी, तसाच धूर देणारी, पण बिनऔषधाची. या दुसऱ्या गोठ्याला कंट्रोल म्हणतात. तो नसेल तर फरक औषधानं पडला की हवेनं, हे कळायला मार्ग नाही. आमच्या औषधाला वास नव्हता, त्यामुळे वड्या ओळखू येत नसत. फक्त पुडे वेगळे, एक लाल आणि एक हिरवा. औषध कुठल्या पुड्यात आहे हे एकट्या मालकांना ठाऊक. मोजणारी मी, आणि वडी चालावी अशी इच्छाही माझीच. तेव्हा मला न सांगणंच बरं.

गोठे मी कृष्णाकाठच्या एका गावात निवडले होते. दोन भावांचे. वेगळे राहायचे, पण घरं पाठीला पाठ लावून. गोठ्यांची तोंडं विरुद्ध दिशांना, त्यामुळे इकडचा धूर तिकडे जात नसे. म्हशी एका जातीच्या, चारा एका रानातला. इतकी जुळती जोडी शोधून काढली म्हणून मी स्वतःवर फार खूश होते. वडी धुमसायला लागल्यावर मी जायची, म्हशींच्या पायांवरच्या माश्या मोजायची आणि भिंतीवरचे डास तोंडाने नळीत ओढून घ्यायची. नळीला आत जाळी असते, डास तोंडात जात नाही. तरी बघणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लुना काढली. सकाळी मी तिथे कधी गेलेच नव्हते, आणि संध्याकाळच्या धुरात खापरात कधी वाकून बघितलं नव्हतं. थोरली जाऊ, अक्काताई, गोठा झाडत होती. आदल्या संध्याकाळचं खापर कडेला होतं. सहज आत बघितलं तर राखेचे दोन लहान ढीग.

एका वडीचा एक ढीग व्हायला हवा. मी घराला वळसा घालून धाकट्या जावेच्या, शालनच्या गोठ्यात गेले. तिथल्या खापरातही दोन ढीग.

"शालनताई, तुम्ही दोन वड्या लावता?"

"न्हाई वो बाई. एकीचीच भरती हुती. निम्मी लाल पुड्यातली, निम्मी हिरव्यातली."

"म्हणजे?"

तोवर अक्काताई झाडू घेऊन मागं आली होती. ती म्हणाली, "आवं, दोगींना दोन रंगाचं पुडं दिलंसा तुमी. कंच्यात काय हाय, आमास्नी काय ठावं? उद्या माजी म्हस दुदाला लागली आन् हिची न्हाई, तर हिच्या मनात काय यील? आमच्यात भायेरनं काय बी आलं की निम्मं निम्मं. वायलं निघालो तवा सासूनं घालून दिलंया."

"पण मी सांगितलं होतं ना, रोज एकच वडी लावायची?"

"मग एकच लावतो की," शालन म्हणाली. "दोन निम्म्यांची."

मी तिथेच दावणीच्या कडेला बसले. आधी डोक्यात तिडीक गेली. सगळी मेहनत या दोघींनी रोज संध्याकाळी उंबऱ्यावर मोडून वाटून टाकली होती! कंट्रोल म्हणून गोठा उरलाच नव्हता. आणि मग एकदम लख्ख दिसलं. दोन्हीकडे औषधाची निम्मीच वडी जळत होती आणि दोन्हीकडे माश्या कमी झाल्या होत्या.

थंडीचं काम असेल तर गावभर माश्या कमी हव्यात. म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले आणि गल्लीच्या टोकाच्या गोठ्यात गेले. तिथे नेहमीची कडुनिंबाच्या पाल्याची धुरी होती. म्हशीच्या पायांवर माश्या नुसत्या चिकटून बसल्या होत्या. इतक्या माश्या बघून इतका आनंद झालेली बाई त्या गावाने पाहिली नसेल.

"सर, थंडी नाही," सकाळी मालकांना सगळं सांगून मी म्हटलं. "वडी चालतेय. निम्म्यावर चालतेय."

त्यांनी जुना तक्ता पुन्हा पुढ्यात ओढला. "हा पुरावा नव्हे."

"नव्हेच. म्हणून पुन्हा ट्रायल द्या. निम्म्या मापाच्या वड्यांची."

"आणि पुन्हा वाटून घेतल्या तर?"

"नाही घेणार. या वेळी घरं मी वेगळी निवडणार आहे."

शेजारच्या गावात बांधावरून बिनसलेले दोन चुलतभाऊ मिळाले. इकडची काडी तिकडे जात नव्हती. एकाकडे गेले की दुसरा माझ्याशीही तुटक बोलायचा. मला हवं होतं ते अगदी हेच.

शिरवळचे लोक यायच्या आधी ट्रायल संपली. लाल पुड्याच्या गोठ्यात माश्या शोधाव्या लागत होत्या, हिरव्याच्या गोठ्यात म्हशींचे पाय थांबत नव्हते. तक्ता मालकांसमोर ठेवला आणि विचारलं, "औषध कशात होतं?"

"लाल," ते म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, म्हणजे चांगल्या मोठ्या, क्यूसीच्या खोलीकडे बघून म्हणाले, "बाईंच्या जागी दुसरं कुणीतरी बघा रे!"

शिरवळच्या डेअरीने वडी घेतली, तीही निम्म्या मापाची. मी पुन्हा कधी कॉइल तपासायला बसले नाही.

पहिलं पॅकिंग निघालं तेव्हा अक्काताई आणि शालनला दोन पुडे नेऊन दिले. म्हटलं, "आता दोन्ही सारखेच आहेत हं. रंग एक, माल एक."

"बरं," अक्काताई म्हणाली, आणि दोन्ही फोडून वड्या मोडायला बसली.

त्यानंतर गावोगाव अनेक ट्रायल केल्या. गोठ्यांचं अंतर, वारा, जनावरं, सगळं बघायची. पण ते नंतर. घरात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न एकच असायचा, "शेजाऱ्यांशी तुमचं पटतं का?" पटतं म्हणाले की मी चहा घ्यायची आणि पुढचं घर बघायची.