भिंतीमागच्या चुली

मला घाण बघवत नाही. या स्वभावापायी घरी बोलणी खाल्ली आणि नोकरीत शाबासकी मिळवली. कोहमाऱ्याच्या पुढे एका ग्रामीण रुग्णालयात मी बाळंतिणींच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. तेव्हा आम्हाला नागपूरला एका प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता कामात सतत सुधारणा. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, स्वच्छ करा आणि मग काय फरक पडला ते बघून पुन्हा बदला. बरोबरच्या सिस्टर म्हणाल्या, उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! मला मात्र ते सगळं माझ्यासाठीच काढलंय असं वाटलं. शेवटची पायरी मात्र मी नुसती लिहून घेतली आणि विसरले.

पद्धत सोपी होती. नको असलेल्या वस्तूवर लाल चिठ्ठी चिकटवायची. आठवडाभरात कुणी ‘मला ही लागते’ म्हटलं तर ठेवायची, नाहीतर हलवायची. मोडकी स्टुलं, गंजलेले सलाइनचे स्टँड, कुणाच्या तरी काळातला वजनकाटा, सगळं गेलं. ट्रेमध्ये कात्री कुठे आणि इंजेक्शन कुठे हे डोळे मिटून सापडू लागलं. खरंच काम सुधारलं होतं, ते मी आजही नाकारणार नाही.

मग मी मागच्या बाजूला गेले. वॉर्डाच्या भिंतीला लागून तीन तीन दगडांच्या चुली होत्या. बाळंतिणीची सासू किंवा आई तिथे बसून मऊ भात शिजवायची, लसणाचा ठेचा करायची, अंग शेकायला पाणी तापवायची. आमच्याकडे बाळंतिणीला पहिले दिवस गरमच द्यायचं, तेही घरच्या हातचं. गार खाल्लं की वात धरतो, असं मानतात. पण त्या चुलींचा धूर सरळ खिडकीतून तान्ह्या पोरांवर यायचा आणि भिंत काजळीनं काळी झाली होती. मी त्या काळ्या भिंतीवर लाल चिठ्ठी लावली.

नवव्या महिन्याच्या तपासणीला आलेल्या एका पोरीची सासू तिथे उभी होती. इटियाडोह धरणाच्या बाजूची, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत.

“सिस्टरबाई, हे कायले लावून राहिल्या?”

मी सांगितलं, चुली काढणार.

“मंग सुनेले पाणी कुठं तापवू? आमाले त लागते चूल.”

“आता दवाखान्यातून जेवण मिळतं. गरम पाण्याची मशीन आहे.”

“तुमच्या मशीनीत भात शिजते का?”

मी हसले. ‘मला ही लागते’ असं ती मला तोंडावर सांगत होती आणि ते माझ्या कानावरून गेलं. कुणी म्हणजे स्टाफपैकी कुणी, असं मी धरून चालले होते. आठवड्यानं दगड उचलले, भिंतीला चुना दिला, कडेला झेंडूच्या कुंड्या मांडल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो वऱ्हांड्यात लावायला सांगितले. नंतरच्या फोटोत कुंड्यांशेजारी मी आहे.

त्यानंतर वॉर्डात खाटा रिकाम्या दिसू लागल्या. बाळंतपण झालं की बाया लवकर घरी जायला निघत. दोन दिवस तरी थांबा, म्हणून आम्ही रागवायचो. का चालल्या, हे मात्र एकीलाही विचारलं नाही. ताणून बसवलेल्या चादरींच्या रिकाम्या खाटा फार नीटनेटक्या दिसायच्या आणि मला तेही सुधारणेतच मोडतं असं वाटायचं.

मग तीच सासू सुनेला बाळंतपणासाठी घेऊन आली. सकाळी मुलगी झाली. दुपारी दवाखान्याचा डबा आला, गार पोळी आणि बटाट्याची भाजी. धानाच्या मुलखातल्या बाळंतिणीपुढे गार पोळी! पोरीनं तुकडा मोडला आणि ठेवून दिला. संध्याकाळी सासू म्हणाली, “घेऊन जातो तिले.” मी समजावलं, मग आवाज चढवला. ती ऐकेना. शेवटी मी म्हणाले, “मर्जी तुमची,” आणि स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर तिचा अंगठा घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला जीपमधून परत आणलं. घरी रक्त जायला लागलं होतं. पोरगी पांढरीफटक, ओठांना रंग नाही. वॉर्डात असती तर आम्हाला तासाभरात कळलं असतं. डॉक्टरांनी जमेल ते केलं आणि गोंदियाला हलवायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये मी बरोबर गेले. रस्ताभर तिचं पोट दाबून धरलं, नाडी पाहत राहिले. गोंदियात रक्त चढवलं, ऑपरेशन झालं. जीव वाचला, गर्भपिशवी काढावी लागली.

ऑपरेशनच्या दाराबाहेर सासू नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी बसले. ती रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, “चूल असती त मी कायले नेलो असतो तिले? पर भिंत मस्त दिसते तुमची.”

डॉक्टर नंतर म्हणाले, सिस्टर, कागदावर अंगठा आहे, तुमचा दोष नाही. धूर पोरांना वाईटच होता, हेही खरं. या दोन्ही गोष्टी मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिल्या, पण टोचणी गेली नाही. मी डॉक्टरांच्या मागे लागले आणि आवाराच्या टोकाला, खिडक्यांपासून लांब, पत्र्याची शेड उभी करून घेतली. चुली कशा हव्यात हे या वेळी तिथे आलेल्या बायांना विचारलं. बाया पुन्हा थांबू लागल्या.

काही वर्षांनी ती पोरगी लेकीला डोस द्यायला आली, सासूही होती. मला पाहताच पोरगी लेकीला म्हणाली, “ह्या बाई गाडीत संगं होत्या, म्हणून तुही माय वाचली. पाया पड.” लेकरानं वाकून माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मी सासूकडे पाहिलं. आता ही बोलेल, असं वाटलं, आणि तिनं बोलावं असंच मला वाटत होतं. ती म्हणाली, “पड बाई, नीट पाया पड,” आणि पिशवी उचलून शेडकडे नातीसाठी पाणी तापवायला गेली.