बाबांचा दुधी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच—त्याला कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्याकडे जेवायला येणार नाही.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. ते तळवलीचे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना जुईनगरला फ्लॅटवर आणलं. जन्मभर मातीत हात घातलेला माणूस, तिसऱ्या मजल्यावर करणार काय? त्यांनी गॅलरीत एक ड्रम आणून दुधी लावला. त्याला मासे धुतलेलं पाणी घालायचे, त्यांच्याकडे वेलाला तेच घालतात. वास घरभर! सोसायटीची बोलणी मी खायची. पण खरं सांगू? वास हे निमित्त होतं. मला माझं घर परत हवं होतं.

एकदा हसत म्हणाले, "एक दुदी लागला ना पोरी, तर मी इथंच ऱ्हाईन. नाय तर जातो गावाला."

ते विसरले असतील. मी ते धरून बसले.

दुधीला दोन तऱ्हेची फुलं येतात. नुसत्या देठावरचं फूल गळून जातं. ज्याच्या मागे करंगळीएवढा दुधी असतो, तेच फळतं. हे मला कोणी शिकवलं? बाबांनीच. वाकडं बोट करून दाखवायचे—कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं तर ते झडतं म्हणून.

आणि मी—ते सकाळी दूध आणायला खाली उतरले की मी ती फळणारी फुलं खुडायची. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची. रोज.

त्यांना मोतीबिंदू होता. वेलावरून बोटं फिरवत, पानापानाशी थांबत ते दुधी चाचपायचे. मी ओट्याशी उभी राहून बघायचे. त्यांनी काय कमी केलं होतं? पाणी, खत, मांडव, सगळं वेळच्या वेळी. वेल फुलांनी पांढरा व्हायचा आणि हाती काही नाही.

शेवटी ते गावाला गेलेच. जाताना तळहात बघत म्हणाले, "माज्या हातान आता गुन नाय ऱ्हायला." मला सुटल्यासारखं वाटलं. हो, वाटलं. मागून त्याच वेलाला दुधी लागले, ते मी वॉचमनला देऊन टाकले.

मग गावचं घर पाडायला निघालं आणि बाबा परत आले. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता स्वच्छ दिसतं. पण मातीला हात लावत नाहीत. नवऱ्याने बी समोर धरलं तर म्हणतात, "सूनबाईला दे. तिच्या हातान गुन हाय." मग मीच लावते. नको म्हटलं तर नवरा विचारणार, का नको? वेलाला दुधी लागतातही मेले भरभरून. आल्यागेल्याला बाबा कौतुकाने गॅलरीत नेतात, आणि मी हसत उभी राहते. दुसरं काय करू?

काल त्यांनी मला हाक मारली. वेलाला नवा दुधी लागला होता, करंगळीएवढा. आपला हात लागून झडेल म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. वाकडं बोटसुद्धा नाही—हनुवटीनेच दाखवला.

मी बघितला. वेलाला पाणी घातलं.