रशीदचाचांची किळस

कुणी सीटबेल्टची क्लिप मागितली की रशीदचाचा उठून हात धुऊन यायचे. क्लिप त्यांच्या दुकानात नव्हतीच. नुसत्या मागणीचीच त्यांना किळस यायची. बेल्टच्या खाचेत ही पट्टी खोचली की गाडीला वाटतं, माणसानं बेल्ट लावला, आणि तिची घंटी गप्प बसते. घुग्घुसच्या मुख्य रस्त्यावर चाचांचं सीटकव्हर आणि गाडीच्या सामानाचं दुकान होतं. समोरच्या दुकानात या क्लिपा दोरीला लटकलेल्या असायच्या.

मी त्यांच्या बाकावर बसून पेपर वाचायचो. एके काळी ज्याच्या दारात थोराड जीप, तो गावात मोठा. मग डिझेल महागलं, कोळशाच्या ट्रकांखाली ओळखीची माणसं गेली, आणि लोक छोट्या गाड्या घेऊ लागले. अ‍ॅव्हरेज चांगलं, अपघातात एअरबॅगचे फुगे उघडणार. मला वाटलं, समाज शहाणा झाला. चाचा म्हणाले, "गाडी सुधरली भाऊ. मानूस नाई सुधरला."

बंपरपुढच्या लोखंडी गार्डमुळे फुगा वेळेवर उघडत नाही, हे कळल्यावर त्यांनी गार्ड बसवणं बंद केलं. त्यांचा अर्धा धंदा तोच होता.

शेजारच्या ठेकेदारांनी जीप विकून छोटी गाडी घेतली आणि पेढे घेऊन आले.

"चाचा, सहा फुगे हायेत! बायको म्हने, पोरींसाठी सेफच घ्या. आता एक क्लिप द्या. टुंटुं करून डोकं खाऊन राह्यली."

"काऊन? बेल्ट चावते का तुले?"

"शर्टाची इस्त्री मोडते ना!"

"मंग कफनाले इस्त्री करून ठेव."

चाचांनी पेढा डब्यात परत ठेवला आणि नळाकडे गेले. ठेकेदार समोरच्या दुकानात गेले. लेकींच्या जिवासाठी कर्ज काढायचं आणि इस्त्रीसाठी त्यांच्या बापाचा जीव उधळायचा! याला लोक हौस म्हणतात. मी घाण म्हणतो.

हळूहळू सगळंच गिऱ्हाईक समोर गेलं. "चाचा, दुकान बुडेल," मी म्हणालो.

"बुडू दे. लोकायच्या जनाज्यावर मले पोट नाई भरायचं."

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. त्यांच्या मूळ गावी दफन करून परतताना ठेकेदारांनी मला गाडीत घेतलं. डोळे पुसत म्हणाले, "असा मानूस आता नाई होनार."

मी माझा बेल्ट लावला. शेजारी, त्यांच्या खाचेत, क्लिप चमकत होती. मी ती उपटून खिडकीबाहेर फेकली. गाडी किंचाळायला लागली.

"काऊन फेकली बे? आता बोंबलत राहीन ना!"

"बोंबलू द्या."

घुग्घुस येईपर्यंत त्यांनी बेल्ट लावला नाही. गाडी बोंबलत राहिली. चाचांच्या बंद शटरपाशी मी उतरलो, आणि घरी जाऊन आधी हात धुतले.