खोलीची शांतता

मुलाखतीआधी मी तिथल्या खोलीची अर्धं मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करते. पॉडकास्टमधलं नको असलेलं बोलणं कापलं की ती सांध्यांना लावता येते, म्हणजे कापल्याचं कळत नाही. परवा समोर शेवाळांचा अभ्यास करणाऱ्या ऐंशीच्या बाई होत्या. तेवढा वेळ त्या पदराचं टोक पिळत गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “हल्ली नावं निसटतात हो. अडखळले तर काढून टाकाल ना?”

“काढते की,” मी म्हटलं.

घरी ऐकलं तर त्या कुठेच अडखळल्या नव्हत्या. मीच एक प्रश्न दोनदा विचारला होता, त्याच शब्दांत. त्यांनी दुसऱ्यांदाही तितक्याच मायेनं उत्तर दिलं होतं. मला त्यातलं काहीच आठवेना. मी तो प्रश्न कापला, तिथे त्यांच्या खोलीची शांतता लावली आणि पुन्हा ऐकलं. सांधा मलाही सापडला नाही.

तेव्हापासून पॉडकास्टचे जुने भाग ऐकायला मी धजत नाही.